शिकाऊ म्हणायचं, शिकवायचं मात्र नाही

गेली काही वर्षं आठ मार्चच्या आसपास वर्तमानपत्रांत एक फोटो हमखास छापून येतो. मोटारीच्या कारखान्यातली असेंब्ली लाइन, एकसारख्या गणवेशातल्या वीस-पंचवीस मुली, डोक्यावर टोप्या, हातात पाने, आणि खाली महिलांच्या हाती कारखाना आला अशा अर्थाचा मथळा. तो फोटो बघून आपल्यातल्या बऱ्याच जणींना भरून येतं. येणारच. ज्या शॉपफ्लोअरवर बाई म्हणजे एक तर झाडूवाली नाहीतर ऑफिसातली टायपिस्ट, तिथे वीस वर्षांची पोर टॉर्क गन घेऊन उभी आहे, ही काही लहान गोष्ट नाही.

मी मात्र तो फोटो हातात आला की मुलींच्या गळ्यातलं ओळखपत्र शोधते. फोटोत ते वाचता येत नाही. पण ज्या मुलींना मी ओळखते त्यांच्या ओळखपत्रावर ‘अप्रेंटिस’ किंवा ‘ट्रेनी’ असं लिहिलेलं असतं. वर्ष भरलं की ते ओळखपत्र फाटकावर जमा करायचं आणि घरी जायचं. तिच्या जागी दुसरी येते. पुढच्या आठ मार्चला फोटो तोच, मुली नव्या.

आपण या फोटोला टाळ्या वाजवतो आहोत, म्हणून हा लेख. ‘शिकाऊ’ हा शब्द वापरून एका पिढीला कारखान्यानं काम शिकवायचं टाळलं आणि आता तोच शब्द वापरून पुढच्या पिढीकडून कामगार न म्हणता काम करून घेतलं जातं आहे. दोन्ही वेळा शिकाऊ होत्या त्या मुली. दोन्ही वेळा हे सगळं मुलींच्या भल्यासाठीच चाललं आहे असंच सांगितलं गेलं.

हे मी बाहेर उभं राहून बोलत नाही. १९९३ साली मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. वर्गात आम्ही तिघी मुली. डिप्लोमानंतर पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका बड्या कारखान्यात एक वर्ष अप्रेंटिस होते. त्यानंतर भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये तपासणीचं काम केलं आणि पुढे पंचवीस वर्षं आयटीआयमध्ये निदेशक म्हणून मुलामुलींना शिकवलं. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. त्याची गरजही नाही, कारण त्या रस्त्यावरच्या कुठल्याही फाटकातून आत गेलं असतं तरी फारसं वेगळं काही घडलं नसतं.

आमच्या वेळी कारखान्यात मुलगी आली की हमखास एक गोष्ट सांगितली जायची. आजही सांगतात. १९७४ साली सुधा कुलकर्णी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्ती, बंगळूरला एम.ई. करत होत्या. टेल्कोच्या इंजिनिअरच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं, मग मुलाखतीला पुण्याला बोलावणं आलं आणि नोकरी मिळाली. गोष्ट खरी आहे आणि त्या पोस्टकार्डाबद्दल मला आदरच आहे. पण ही गोष्ट आम्हाला कशासाठी सांगितली जायची ते बघा. ‘हिंमत असली की दार उघडतं’ हे ठसवायला. दार उघडल्यावर आत काय झालं, शॉपमध्ये पाऊल टाकणाऱ्या दहावी-बारावी शिकलेल्या, आयटीआय-डिप्लोमावाल्या मुलींचं काय झालं, त्यांनी पत्र कुणाला टाकायचं, हे त्या गोष्टीत येत नाही. बंगळूरला एम.ई. करणाऱ्या बाईच्या पत्राला उत्तर येतं. यवतमाळच्या आयटीआयवालीच्या पत्राला उत्तर द्यायला कुणी मालक बसलेला नाही. तिला कायदाच लागतो.

आणि कायदा होता. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. १९७३ साली त्यात दुरुस्ती होऊन पदवीधर आणि डिप्लोमाधारकही आत आले. मोठ्या कारखान्यांनी ठरलेल्या संख्येइतके शिकाऊ घ्यायचेच, अशी त्यात सक्ती. पश्चिम भारतातल्या पदवी-डिप्लोमावाल्यांची व्यवस्था मुंबईत शीवला असलेलं अप्रेंटिसशिप प्रशिक्षण मंडळ बघतं. आम्ही त्याला ‘बोट’ म्हणायचो. मला कारखान्यानं घेतलं ते या आकड्यासाठी. मी त्यांना हवी होते म्हणून नव्हे, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. फोरमनसाहेबांनी माझ्याकडे न बघता शेजारच्या चार्जमनला विचारलं, “हिला कुठं बसवायची?”

बसवायची! माझ्याबरोबरच्या सहा मुलांना कुठं ‘लावायचं’ याची चर्चा झाली. कुणी गिअर कटिंगला, कुणी टूल रूमला, कुणी हीट ट्रीटमेंटला. मला बसवलं. फोरमनच्या केबिनबाहेर टेबल मिळालं आणि रोजच्या रिजेक्शनचा तक्ता लिहायचं काम मिळालं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. मी पाच-सहा वेळा मशिनवर काम मागितलं. उत्तर कायद्यातून आलं. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २२ प्रमाणे यंत्र चालू असताना, इजा होण्याचा धोका असेल तिथे बाईनं सफाई, तेलपाणी, जुळवणी करायची नाही. त्याचा अर्थ मशिनजवळच जायचं नाही असा होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण फोरमनला कलमातलं तेवढंच अर्धं वाक्य पाठ होतं आणि तेवढं त्याला पुरत होतं. त्याच कायद्याचं कलम १९ बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह असलंच पाहिजे असं सांगत होतं. ते कलम मात्र त्या शॉपमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. बायकांचं स्वच्छतागृह होतं मुख्य ऑफिसच्या इमारतीत, शॉपपासून चांगलं दहा मिनिटांच्या अंतरावर. मी सकाळी घरून निघाल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाणी प्यायचं सोडलं. मैत्रिणींनो, बायकांच्या किती नोकऱ्यांचा इतिहास मूत्रपिंडातून लिहावा लागेल!

आणि मग कलम ६६. बाईनं कारखान्यात सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात काम करायचं. राज्य सरकार ही वेळ थोडी मागेपुढे करू शकत होतं, पण रात्री दहा ते पहाटे पाच बंदीच. म्हणजे मला पहिली पाळी नाहीतर जनरल. बरोबरची मुलं आळीपाळीनं तिन्ही पाळ्या करायची. कारखान्याची खरी शाळा भरते ती रात्री. दिवसा मशिन बिघडलं की मेंटेनन्सचे चार साहेब धावत येतात, शिकाऊ मागे उभा राहतो. रात्री साहेब नसतात. ऑपरेटर आणि शिकाऊ मिळून पॅनेल उघडतात, पट्टा बदलतात, शिव्या खात, शिव्या देत शिकतात. वर्षाअखेरीस ती मुलं ‘अमुक मशिनचा आवाज असा येतो’ असं बोलायला लागली होती. मी त्यांच्या रिजेक्शनचे आकडे लिहीत होते. ज्या कायद्यानं मला रात्रीपासून वाचवलं त्यानं मला शिकण्यापासूनही वाचवलं. हा कायदा आपल्या आधीच्या पिढ्यांनी गिरण्यांमधल्या बायकांसाठी मिळवला होता, त्याला त्या काळी कारणं होती, हे मी नाकारत नाही. पण नव्वदच्या दशकात शॉपफ्लोअरवर तो कुणाच्या उपयोगी पडत होता, ते मी पाहिलं आहे.

मला जे काही थोडं शिकायला मिळालं ते एका म्हाताऱ्या टर्नरकडून. सातारकडचे होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून मी त्यांच्या लेथपाशी जायची. ते म्हणायचे, “पोरी, माप नंतर बघ, आधी कान दे. टूल बोथट झालं की आवाज आधी बदलतो, माप मागून बिघडतं.” चिप निळी पडायला लागली की काय समजायचं, मायक्रोमीटर आवळायचा नाही, रॅचेट टकटक करेल तेवढंच फिरवायचं, जॉब गरम असताना घेतलेलं माप खोटं असतं. रोज दहा मिनिटं. सुट्टी संपायचा भोंगा झाला की ते मला हातानंच ‘जा’ म्हणायचे, कारण फोरमननं पाहिलं तर बोलणी त्यांना बसली असती. पुढे पंचवीस वर्षं मी वर्गात जे शिकवलं त्याचा पाया या दहा-दहा मिनिटांत पडला. कारखान्यानं माझ्या प्रशिक्षणाची वही तिमाहीला भरली. त्यात मी चार विभागांत फिरल्याची नोंद आहे आणि खाली सही-शिक्का आहे. त्या काकांचं नाव त्यात कुठेच नाही.

वर्ष संपल्यावर प्रमाणपत्र मिळालं. नोकरी द्यायचं बंधन कारखान्यावर नव्हतं. कायद्याच्या कलम २२ मध्येच (हे शिकाऊ कायद्याचं कलम २२, आकड्यांचा योगायोग) तसं लिहिलं होतं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशच्या एस.टी. महामंडळाच्या प्रकरणात म्हटलं की इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट भरतीवाल्यापेक्षा प्राधान्य द्यावं. चांगला निकाल. पण ‘इतर बाबी समान’ कशा असणार? मुलं तीन पाळ्या केलेली, मी टेबलावर बसलेली. आमच्या तुकडीतल्या दोघा मुलांना पुढे त्याच कारखान्यानं बोलावलं. मला बोलावलं नाही आणि त्यांच्या दृष्टीनं ते रास्तच होतं. मला काही येत नव्हतं, कारण त्यांनी काही शिकवलं नव्हतं.

हा झाला पहिला अंक. या अंकात बाईला ‘शिकाऊ’ म्हणून घ्यायचं आणि कामापासून लांब ठेवायचं.

दुसरा अंक आता चालू आहे. त्यात बाई एकदम सगळ्यांना हवीशी झाली आहे. का झाली? कारखानदारांना अचानक स्त्रीमुक्तीची दीक्षा मिळाली का? क्रम पाहा. २०१४ साली शिकाऊ कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. मूळ कायद्यात मालकाला सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती, ती काढून फक्त दंड ठेवला. कामाचे तास मालकानं ठरवावेत असं झालं. २०१५ साली महाराष्ट्रानं कारखाने कायदा दुरुस्त करून अटींवर बायकांना रात्रपाळी खुली केली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये केंद्राची शिकाऊ प्रोत्साहन योजना आली. शिकाऊच्या विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, सरकार मालकाला परत देणार. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ५ हजार ते ९ हजार ठरवलं. पाचवी ते नववी शिकलेल्याला ५, पदवीधराला ९. आता हे सगळं एकापुढे एक मांडा. रात्रपाळी करू शकणारी, पाव विद्यावेतन सरकारनं भरलेली, संघटनेत नसलेली, वर्षानं आपोआप जाणारी मुलगी. अशी मुलगी कुठल्या मालकाला आवडणार नाही?

माझी एक विद्यार्थिनी, इलेक्ट्रिशियन ट्रेड पूर्ण केलेली, हिंगोलीकडची, चाकणच्या पट्ट्यात एका मोठ्या कारखान्यात शिकाऊ होती. दोन वर्षं तिनं माझ्याकडे मोटार वाइंडिंग, स्टार्टर, पॅनेल वायरिंग केलेलं. कारखान्यात तिला एक स्टेशन मिळालं. दाराच्या आतलं वायरिंग हार्नेस बसवायचं, सहा क्लिपा दाबायच्या, एक कनेक्टर जोडायचा. गाडी पुढे सरकते, दुसरी येते. वर्षभर तेच. मी विचारलं, “शिकलीस काय?” ती हसली. “मॅडम, क्लिप बसली की टक् वाजतं. आता झोपेतपण ऐकू येतं.” तिच्या लाइनवर सुपरवायझर सोडला तर सगळ्या शिकाऊच. मग शिकवणारं कोण? ज्या लाइनवरून रोज गाड्या बाहेर पडतात आणि बाजारात विकल्या जातात, त्या लाइनवर उभं राहून त्या गाड्या बनवणाऱ्या सगळ्याच जणी जर विद्यार्थिनी असतील, तर कारखाना कोण चालवतं आहे?

कायद्याला हे माहीत आहे. प्रशिक्षणाशी संबंध नसलेलं काम शिकाऊला देऊ नये, तिला उत्पादनाच्या नगावर पैसे देऊ नयेत, तिला उत्पादनवाढीच्या बोनस योजनेत ओढू नये, परवानगीशिवाय ओव्हरटाइम करून घेऊ नये, हे सगळं कायद्यात आहे. या नियमभंगाला २०१४ च्या दुरुस्तीनं दर प्रसंगी दंड ठरवला एक हजार रुपये. मोठ्या कारखान्याच्या कँटीनचं एका वेळचं चहाचं बिल याहून जास्त होत असेल.

आता ‘कामगार कोण’ या प्रश्नाकडे या. इथे मला आपल्या कामगार संघटनांनाही काही बोलायचं आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार’ची व्याख्या करताना कंसात स्पष्ट लिहिलं होतं की शिकाऊ धरून. १९६१ च्या शिकाऊ कायद्याच्या कलम १८ नं सांगितलं, शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे, कामगार कायदे त्याला लागू नाहीत. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात ‘कामगार’च्या व्याख्येतच लिहिलं आहे, शिकाऊ सोडून. सत्तर-ऐंशी वर्षांत ‘धरून’चं ‘सोडून’ झालं. भविष्य निर्वाह निधी नाही. ईएसआय नाही. सामाजिक सुरक्षा संहितेनंही शिकाऊला कर्मचाऱ्याच्या व्याख्येबाहेरच ठेवलं. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, ते कलम १६ मध्ये आहे. पण प्रेसवर ज्यांची बोटं गेली अशा कामगारांची जी काही मोजदाद होते ती मुख्यतः ईएसआयच्या दवाखान्यांतून होते. शिकाऊ मुलगी तिथे जातच नाही. तिचं बोट कुठल्या आकड्यात धरायचं?

फक्त एका कायद्यात शिकाऊ मुलगी कर्मचारी आहे. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. त्यातल्या व्याख्येत कंत्राटी, प्रोबेशनर, ट्रेनी, अप्रेंटिस, किंवा आणखी कुठल्याही नावानं ओळखली जाणारी, सगळ्या आल्या. ही व्याख्या आभाळातून पडली नाही. १९९७ च्या विशाखा निकालापासून आणि त्याच्याही आधीपासून बायकांच्या संघटना रस्त्यावर होत्या, मसुद्यांवर भांडत होत्या, म्हणून ती आली. आपण जिथे लेखणी धरली तिथे शिकाऊ मुलगी माणूस झाली. जिथे मालक, सरकार आणि पुरुषांच्या संघटना बसल्या तिथे ती गळाली. संघटनांचे पुढारी मला सांगतात, “ताई, ट्रेनी आमचे सभासद नाहीत, आम्ही करार आमच्या सभासदांसाठी करतो.” बरोबर. पण तुमच्या कायम सभासदांचा आकडा दरवर्षी कमी होतो आहे, निवृत्त झालेल्याच्या जागी कोण उभी आहे हे बघायला तुम्ही लाइनवर फिरता ना? की बाई उभी आहे म्हणून ती जागा भरलेली दिसत नाही?

आणि हे सगळं खपतं कशामुळे? इथे आपलं घर येतं. मुलीचे आईवडील मला येऊन सांगतात, “मॅडम, एक वर्षाचं आहे ना, मग बरं. पुढं तिचं लग्नच करायचंय.” कारखान्याच्या भरती करणाऱ्याला हे वाक्य तोंडपाठ आहे. मुलगा असला तर वर्षानं विचारतो, पुढे काय? गेटवर चार पोरं जमवतो, आरडाओरड करतो. मुलगी विचारत नाही, तिच्या वर्षाचा शेवट आधीच ठरलेला असतो. लग्नाआधीची दोन-तीन वर्षं हा आपल्या समाजानं मुलीला दिलेला मोकळा तुकडा, तो कारखान्यानं बरोबर हेरला आहे. लग्नाच्या या हिशेबावर धंदा करण्याची पद्धत फार जुनी नाही आणि फार लांबचीही नाही. तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाची योजना वर्षानुवर्षं चालली. सुमंगली म्हणजे सुवासिनी. गरीब, पुष्कळदा दलित घरातल्या मुलींना साधारण तीन वर्षांसाठी ‘अप्रेंटिस’ म्हणून घ्यायचं, वसतिगृहात ठेवायचं, महिन्याला थोडं द्यायचं आणि मुदत पूर्ण केली तरच शेवटी एकरकमी पैसे, लग्नासाठी. मधेच आजारी पडली, सोडून गेली तर ती रक्कम बुडाली. कापसाच्या धुळीत तीन वर्षं काढून मुलगी स्वतःचा हुंडा कातायची. तेव्हा आपण सगळ्यांनी त्याला वेठबिगारी म्हटलं. आता त्याच राज्यात जून २०२४ मध्ये रॉयटर्सनं बातमी दिली की आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात विवाहित बायकांना भरतीतून वगळलं जात होतं. केंद्र सरकारनं राज्याकडे अहवाल मागितला. मंगळसूत्र नको, जोडवी नकोत, पोर नको, आजारी सासू नको. बाई हवी, पण तिच्यामागचा संसार नको. आपल्याकडे हे उघड बोलायची वेळच येत नाही, ‘एक वर्ष’ हा शब्द ते काम परस्पर करतो.

माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो खुद्द मुलींकडूनच येतो. त्या म्हणतात, मॅडम, तुम्ही हे बंद पाडायला निघालात का? घरी बसून शेणगोठा करण्यापेक्षा हे बरं. चाकणला चौघींत मिळून खोली आहे, पगाराच्या दिवशी आईला पैसे पाठवतो, रविवारी पुण्याला जातो, स्वतःच्या पैशाचा मोबाइल आहे. खरं आहे. त्या खोलीत मी गेले आहे. भिंतीला लागून चार गाद्या, खिडकीत मनीप्लांट, आणि रात्रपाळीहून आलेली एक जण डोक्यावर ओढणी घेऊन झोपलेली. त्या खोलीची किंमत मला कळते. शहरातल्या आपल्या कार्यकर्तींना कदाचित इतकी कळत नसेल. म्हणून बंद करा असं मी म्हणतच नाही. रात्रपाळीची बंदी परत आणा असंही म्हणत नाही. तिनं काय केलं ते मी भोगलं आहे. मी म्हणते, शिकाऊ ठेवायची तर शिकवा. आणि काम करून घ्यायचं तर कामगार म्हणा. दोन्हीपैकी एकही करायचं नाही आणि वर आठ मार्चला फोटो काढायचा, हे चालणार नाही.

आपल्या बाजूनंही थोडं तपासायला हवं. गेल्या काही वर्षांत आपण ‘शंभर टक्के महिला’ अशा बातम्यांची कात्रणं आपल्या प्रदर्शनांत लावली. कंपन्यांच्या महिला दिनाच्या कार्यक्रमांना वक्त्या म्हणून गेलो, शाल-श्रीफळ घेतलं. तिथे व्यासपीठावर एकदा तरी विचारलं का, की समोर बसलेल्या या मुलींपैकी कायम किती? एवढा एकच प्रश्न. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही तर न येवो. अंतर्गत तक्रार समितीवर बाहेरच्या सदस्य म्हणून आपल्यापैकी कित्येक जणी कारखान्यांत जातात. ती समिती शिकाऊ मुलींनाही लागू आहे हे लाइनवर कुणी सांगितलं आहे का, सूचनाफलक मराठीत आहे का, आणि ज्या मुलीचं प्रमाणपत्र तीन महिन्यांनी त्याच सुपरवायझरच्या शेऱ्यावर अवलंबून आहे ती तक्रार करणार तरी कशी, हे विचारायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. आपण तिथे कायद्यानं बसलेल्या असतो.

प्रत्येक शिकाऊ उमेदवाराचा लेखी करार असतो आणि त्याची सरकारदरबारी नोंद व्हावी लागते. त्यात ट्रेड कुठला, मुदत किती, विद्यावेतन किती, सगळं असतं. मी मागच्या दिवाळीआधी त्या खोलीतल्या चौघींना विचारलं, करार पाहिला आहे का. तिघींनी सही केली होती, वाचला नव्हता. चौथीनं प्रत मागितली होती, तर “तुला कशाला पाहिजे?” असं उत्तर मिळालं. आम्ही पाच जणी रविवारी दुपारी मोबाइलवर सरकारी पोर्टल उघडून बसलो. दोघींचे करार सापडले. एकीच्या करारात ट्रेड फिटर लिहिलेला होता. ती वर्षभर सीटला कव्हर चढवत होती. तिसरीचा करार निघालाच नाही, म्हणजे ती नोंदलेली शिकाऊही नाही आणि कामगारही नाही. ती कोण आहे हे विचारायला आम्ही पुढच्या आठवड्यात शिकाऊ प्रशिक्षण सल्लागारांच्या कार्यालयात अर्ज दिला. पोच घेतली आहे. उत्तर आलेलं नाही. चाकण, रांजणगाव, तळेगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी इथे ज्यांचे गट आहेत त्यांनी आपापल्या भागात रविवारी दुपारी अशा खोल्यांत जावं. मुलींना त्याच दिवशी सुट्टी असते आणि त्या झोपून उठतात साधारण एकच्या पुढे.